दहापैकी तीन

५ जानेवारी

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. या महिन्याचा तुझा शब्द मी तुझ्या वहिनीला वाचून दाखवला, तीही हसली. ट्राउझर्स एकच असली तरी अनेकवचनी, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं गं. लाँड्रीच्या काउंटरवर दिवसभर विजारी मोजल्यावर दुसरं काय सुचणार म्हणा. दहापैकी तीन, आणि त्यातला एक चांगल्या अक्षरासाठी.

आता माझा घे. फोरमध्ये यू आहे, फोर्टीनमध्ये आहे आणि फॉर्टीत मात्र तो गायब. चाळिशीत माणसाचं काहीतरी गळतंच, ते इंग्रजांनाही कळलेलं दिसतं. आमच्या औषधांच्या कारखान्यात नव्या मुलीने एका लेबलावर तो यू घातला होता, मी लगेच पकडला. गुण तू द्यायचेस, पण आठाच्या खाली उतरू नकोस.

बाबांनी जेवताना सुरू केलेला हा खेळ आपण पत्रांतून टिकवलाय, याचं मला फार बरं वाटतं. तुझ्या वहिनीला त्यात गोडी नाही. ऑफिसात बोलावं तर लोक घड्याळ बघतात. दर महिन्याला इंग्रजीचा एक वेडेपणा शोधायचा तो तुझ्यासाठीच.

शेजारी चष्म्याचं दुकान आलंय म्हणतेस, तर डोळे एकदा तपासून घे. बाकी क्षेम. माया आहेच, ती कमी समजू नये.

तुझा दादा


६ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

फॉर्टीला साडेआठ देते. अर्धा जास्त दिलाय, कारण वाचताना मी माझ्या केसांकडे बघून हसले.

डोळे तपासले आणि चष्मा लागला. चष्मेवाले माझ्याच वयाचे आहेत, एकटेच असतात. तक्त्यावरची अक्षरं वाचून संपली तरी मी थांबले नाही, भिंतीवरच्या फ्रेमच्या किमतीही वाचून काढल्या. ते इतके हसले की त्यांनाच चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हल्ली दुकानं बंद करताना आमचा चहा एकत्र होतो.

माझा शब्द, म्हणजे जोडीच आहे. वन म्हणताना आपण डब्ल्यूचा आवाज काढतो, पण लिहिताना तो नसतो. टूमध्ये तो लिहितात, पण कुणी उच्चारत नाही. एकाला ज्याची गरज आहे ते दुसऱ्याकडे नुसतं पडून आहे.

वहिनीला नमस्कार. तुझा हात डोक्यावर राहू दे.

धाकटी


३ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

खरं सांगतो, तुझा शब्द वाचून माझ्या पोटात दुखलं. वन आणि टू मी दिवसभर लेबलांवर वाचतो. एक गोळी सकाळी, दोन रात्री, यावर तर माझं पोट चालतं. आणि मला ते दिसलं नाही. नऊ देतो. दहावा राखून ठेवतो, कारण हा शब्द तुझा वाटत नाही.

तुझे शब्द मी ओळखतो. शीपचं अनेकवचन शीप, एका माउसचे अनेक माइस, कात्रीला एकवचन नाही. तुझी धाव तिथपर्यंत. म्हणून सरळ विचारतो, हा चष्मेवाल्यांनी दिला का? आपल्या खेळात बाहेरच्यांना मज्जाव आहे, हे मी तुला सांगायला नको.

माझा शब्द न्यूज. शेवटी एस आहे, तरी एकवचनी. या वेळी मलाच तो मिळमिळीत वाटतोय. तुझ्या चष्मेवाल्यांना दाखवू नकोस.

उत्तर लवकर यावं, एवढाच हट्ट.

दादा


४ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आज देत नाही, कारण त्याहून मोठं काही सांगायचंय. चष्मेवाल्यांनी मला लग्नाचं विचारलं आणि मी हो म्हटलं. या वयात कशाला, असं मला स्वतःलाच वाटून झालं, पण ते वाटणं टिकलं नाही. बाबांच्या आजारपणात आणि त्यानंतर घरात किती शांतता असायची, ते तुला येऊन-जाऊन कळलं नसेल. आता मला बोलायला कुणीतरी हवंय.

एकवीस मे रोजी नोंदणी कार्यालयात सह्या करायच्या आहेत. माझ्या बाजूचा साक्षीदार तूच. दुसरं कुणी नाही आणि नकोही.

या महिन्याचा शब्द ओव्हरसाइट. त्याचा एक अर्थ देखरेख आणि दुसरा नजरेतून सुटलेली चूक. तुझ्या साहेबांच्या टेबलावर ही पाटी दोन्ही अर्थांनी शोभेल.

तुझ्या होकाराची वाट बघते. राग आला तर तोही लिही, पण लिही.

धाकटी


१० एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

लग्न खुशाल कर. आम्हाला विचारायचं तुझं वय नाही आणि मी नाही म्हणणारा कोण?

पण ओव्हरसाइट वाचला आणि उरलीसुरली शंका फिटली. चष्मेवाल्यांना तुझी रोजची संध्याकाळ मिळाली, चहा मिळाला, आता घर मिळेल. हा एक खेळ तेवढा माझ्याकडे राहू द्यायचा होतास. तोही त्यांच्या हातात दिलास. मला त्यांचा मत्सर वाटतो, लपवत नाही.

साक्षीदार म्हणून मी येणार नाही. शब्द आता त्यांच्याबरोबरच खेळत जा. माझ्याकडून या महिन्यात काही नाही.

सुखी राहा, हे मात्र मनापासून.

दादा


१८ एप्रिल

प्रिय वन्संना सप्रेम नमस्कार.

ह्यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला सांगितलं नाही, पण पाकीट डकवताना जीभ कापून घेतली, त्यावरून अंदाज आला. तेव्हापासून तोंड फुगवून बसलेत. जाडा शब्दकोश आता उशाशी असतो. परवा मी विचारलं की काय शोधताय, तर म्हणाले, चष्मेवाल्याचं नाक खाली करणारा शब्द. मी म्हटलं, नाक खाली केलंत तर चष्मा घसरेल. हसले नाहीत.

आता माझंही सांगते. या खेळाचा मला कायम हेवा वाटत आलाय. तुमचं पत्र आलं की हे चहा विसरतात, आणि मला आजवर एकदाही कुणी शब्द विचारला नाही. म्हणून यांचं दुखणं मला चांगलं कळतं. ते शब्द चष्मेवाल्यांचेच, असं हे धरून बसलेत; खरे कुणाचे, एवढं त्यांना लिहा. मग रुसायचं की यायचं ते त्यांना ठरवू दे. मी तर येणारच आहे.

आहे तसं माझ्यावर प्रेम असू द्या.

वहिनी


२५ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

शब्द चष्मेवाल्यांचे नाहीत. त्यांना या खेळातलं काही येत नाही, ते नुसते ऐकतात. दोन्ही शब्द माझेच.

लहानपणी एकदा मी तुला हरवलं होतं. तू ताट सरकवून उठलास आणि दुसऱ्या दिवशीही जेवला नाहीस. तेव्हा बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले की, त्याला जिंकू देत जा, त्याला पुढे शिकायचंय. मी ते ऐकलं. तेव्हापासून चांगला शब्द सापडला की तो स्वतःपाशी ठेवायची आणि तुला शीप पाठवायची. पुढे बाबा नव्हते, तरी मी तेच करत राहिले. तू तीन गुण दिलेस की पत्र लांबलचक यायचं, माझी थट्टा, मग तुझा शब्द, मग घरचं सगळं. मला ते पत्र हवं असायचं. तीन गुणांचं मला कधीच वाईट वाटलं नाही.

मग एका संध्याकाळी वन आणि टूचं मी चष्मेवाल्यांना सांगितलं. त्यांनी साधंच विचारलं की, हे भावाला का नाही कळवत? म्हणून तुला पाठवला.

तुला जळायचंच असेल तर माझ्यावर जळ, त्या बिचाऱ्यांवर नको. आणि सहीला ये. तू आला नाहीस तर मी सही करीन, पण मला ती करताना रडू येईल.

तुझीच

धाकटी


४ मे

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधीपेक्षा जास्त राग आला. चष्मेवाल्यांवर रागावणं सोपं होतं. ते परके. आता कुणावर रागावू? बाबांवर रागावून झालं. इतकी वर्षं मी तुला इंग्रजी शिकवत होतो आणि तू माझी समजूत काढत होतीस. मनात आणलं असतंस तर दर महिन्याला मला लोळवलं असतंस. या गोष्टीने मी अक्षरशः जळतोय, आणि तुझी वहिनी चोरून हसतेय.

एकवीसला सही करायला येतो. खरं म्हणजे आदल्या दिवशीच येतो. चष्मेवाल्यांना सांग, त्या संध्याकाळचा चहा त्यांनी त्यांच्या दुकानात घ्यावा. तुझी वहिनी मात्र असेल, कारण यापुढे तीही खेळणार आहे.

स्वतःपाशी ठेवलेले शब्द मला सगळे ऐकायचे आहेत, पहिल्यापासून. एकही सोपा करून सांगू नकोस. रात्रीचा स्वयंपाक माझा धरून कर. हरलो तरी जेवीन.

दादा