शेवटच्या शब्दापासून

३ मार्च
बाबांनी पाटीवर लिहिलं! अर्धांगवायूने वाचा गेल्यानंतर पहिल्यांदाच. शब्दाचं पहिलं अक्षर जागेवर, शेवटचं जागेवर. मधल्यांची बाजारात व्हावी तशी ढकलाढकली. नर्सला काही कळेना. मी झरझर वाचलं — 'सूपात मिरचीच नाही. नर्सला सांगू नकोस.' बाबा अर्ध्या तोंडाने हसले.

५ मार्च
बाबांच्या गावाहून, बेक्वाईहून, आत्याचा फोन. "रविवारी येतोय. दादाला गावी न्यायचंय."
"इथे कुमासीत दवाखाना जवळ आहे, आत्या."
"आपल्यात कूळ आईकडून येतं. तू तुझ्या आईच्या कुळाची. तो आमच्या. तुला कोण विचारतंय?"
झोप नाही. बाबांशिवाय हे घर? नको.

६ मार्च
कचेरीत आज मथळ्यातला एक उलटापालटा शब्द माझ्या नजरेतून सुटला. मुद्रितं तपासणारा ओफोरी हसला. "अर्थ लावत वाचतेस ना! शेवटच्या शब्दापासून मागे ये, एकेक अक्षर. नाहीतर डोळ्यांना हवं तेच दिसतं, बाई."

७ मार्च
आत्या बाबांनाच विचारणार म्हणे. ते लिहिणार, मी सगळ्यांना वाचून दाखवणार.
बाबा इतकी वर्षं गावच्या राजाचे प्रवक्ते. राजा हळू बोलायचा, बाबा ते सभेला सांगायचे. त्यांची प्रवक्तेपदाची काठी अजून कोपऱ्यात उभी आहे. लहानपणी मी विचारलं होतं — तुम्ही चुकलात तर? "तरी राजा भर सभेत आपल्या प्रवक्त्याला खोटं पाडत नाही."
आता प्रवक्ती मी.

८ मार्च
अंगण भरलेलं. आत्या बाबांच्या पायाशी बसली. "दादा, येतोस ना?"
बाबांनी सावकाश, कष्टाने लिहिलं. मी एका नजरेत वाचलं — 'मुलीपाशी राहतो.'
"पुन्हा वाच," आत्या म्हणाली.
पुन्हा वाचलं. तेच. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मान नाही, हात नाही, काही नाही.
"प्रवक्ती बोलली, संपलं," आत्या उठली. "निदान मिरची तरी घाल गं त्याच्या सूपात!" केळ्यांचा घड ठेवून सगळे गेले.
सुटले! — मग पाटी पुसावीशी का वाटत नाही?

९ मार्च
पाटी पुसायला घेतली. कालचंच लिहिलेलं. ओफोरी आठवला. शेवटच्या शब्दापासून मागे आले, एकेक अक्षर.
'ने'. त्याआधी 'गावी'. त्याआधी आत्याचं नाव.
मी कुठेच नव्हते.
बाबांनी भर सभेत मला खोटं पाडलं नाही.