आप्पांसाठी पर्गोला

९ नोव्हेंबर, रविवार

आज मोठा निर्णय घेतला. मागच्या अंगणात पर्गोला, म्हणजे खांबांवरचा मांडव, करायचा. आप्पांसाठी.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, औषधांचा आता फार उपयोग नाही, त्यांना काय आवडतं ते करू द्या. घरी आल्यावर आप्पांना विचारलं, काय आवडेल बोला. म्हणाले, मला जरा भाईर बसव. एवढंच. माणसाने उभा जन्म मार्केटात कांद्याची पोती वाहिली, मोकळ्यावर राहिला. त्याला आमच्या हॉलमध्ये कोंडल्यासारखं होणारच. मुलगा म्हणून माझं काही कर्तव्य आहे.

सुनयना म्हणाली, मग टाकू की बाज अंगणात, आत्ताच. बायकोचं हे असंच. व्हिजन नाही. उन्हात बसवायचं का म्हाताऱ्या माणसाला? आप्पा आतून म्हणाले, सकाळच्याला सावली असती की रं तितं. त्यांना मोतीबिंदू आहे, म्हणून मी काही बोललो नाही.

संकल्प: महिनाअखेर आप्पा पर्गोल्याखाली.

१२ नोव्हेंबर, बुधवार. ऑफिसात, लंच टाइम

रिसर्च सुरू. पर्गोल्याचे दोन प्रकार. एक घराच्या भिंतीला जोडलेला, दुसरा फ्रीस्टँडिंग, म्हणजे स्वतःच्या चार पायांवर सुटा उभा. आपला फ्रीस्टँडिंग. एकतर मागच्या भिंतीला ओल आहे. दुसरं, कुणाला टेकून उभं राहणं माझ्या स्वभावात नाही. (हे रो-हाउस आप्पांच्या फंडातून घेतलं, तो विषय वेगळा.)

एक बारीकशी अडचण लक्षात आली. पर्गोल्याला छप्पर नसतं, नुसत्या पट्ट्या असतात. पट्ट्यांमधून ऊन खाली येतं. वर पत्रा टाकला तर ती शेड होते, आणि शेडला सोसायटीचा नकार. मार्ग काढीन. टेन्शन नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

मोजमाप केलं. आठवडाभर साडेसातला घर सोडावं लागतं, म्हणून रविवारी जरा उशिरा उठतो. अंघोळ वगैरे उरकून अंगणात गेलो तर एक वाजत आलेला. डोक्यावर ऊन नुसतं रणरणत होतं. सुनयनाला मुद्दाम बोलावून दाखवलं. ती म्हणाली, या वेळी कोण बसतं बाहेर, ही जेवायची वेळ. विषय बदलायला हुशार.

अंगणाची एकंदर दशा वाईट. मागे पूर्वेला तो सात मजली टॉवर उभा राहिल्यापासून वरच्या लोकांच्या एसीचं पाणी आमच्याकडे ठिबकतं. तुळससुद्धा धरत नाही. तीन रोपं गेली. सुनयनाच्या हाताला गुण नाही, दुसरं काय.

२३ नोव्हेंबर, रविवार

कामाला मुहूर्त लागला. कळंबोलीचा फॅब्रिकेटर रणजीत दोन माणसं घेऊन आला. चार खांबांसाठी चार खड्डे खणले. रणजीत म्हणत होता, साहेब, आधी मटेरियल फायनल करा, मग खणू. मी म्हणालो, खड्डे असले की माणसावर प्रेशर राहतं. अनुभवाचे बोल आहेत.

आप्पा खिडकीचं ग्रिल धरून बघत होते. म्हणाले, चारी कोपऱ्यांत कुणाला पुरायचंय? विनोदबुद्धी शाबूत आहे, चांगलं लक्षण.

आता आप्पांचा वॉकर त्या खड्ड्यांतून जाणार नाही, तोल गेला तर नसती आफत. सेफ्टी फर्स्ट. मागच्या दाराला कुलूप घातलं. चावी माझ्या जुडग्यात.

२ डिसेंबर, मंगळवार

महिनाअखेर हुकली. पण अति घाई संकटात नेई, हे घाटात बोर्डावर उगाच लिहीत नाहीत.

सागवान उत्तम, पण वाळवी. पाइन स्वस्त, पण एक पावसाळा काढेल की नाही शंका. लोखंडाला खाडीची हवा लागते, गंज. ॲल्युमिनियम बरं, पण हलकं, वाऱ्याने हललं तर? परत विचार करावा लागेल. सुनयना म्हणाली, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मी दुर्लक्ष केलं.

आप्पांना सामील करून घ्यायला हवं, हे पुस्तकात वाचलंय. मोबाइलवर फोटो दाखवून विचारलं, रंग वॉलनट आवडतो की चारकोल? बराच वेळ बघून म्हणाले, ह्यात बसायचं कवा?

७ डिसेंबर, रविवार

सुनयनाने नवीनच टूम काढली. म्हणे मागे खड्डे आहेत तर पुढे बसवू, तुम्ही गाडी तेवढी रस्त्यावर लावा. गाडी. रस्त्यावर. पाण्याचे टँकर जातात तिथून. एक ओरखडा पडला की पॅनल बदलायला सांगतात. शिवाय ती गाडी घेतलीच मुळी आप्पांना हॉस्पिटलला न्यायला. (तिथे पार्किंग मिळत नाही म्हणून रिक्षाने नेतो, पण हेतू बघा.)

आज आप्पा चहा न घेता खिडकीशी उभे होते. मी म्हणालो, थोडा धीर धरा. म्हणाले, बरं.

२१ डिसेंबर, रविवार

साइज बदलली. दहा बाय दहामध्ये बाज बसते, पण पाहुणे आले तर? चारुलता साताऱ्याहून आली तर तिला कुठे बसवायचं, उन्हात? सख्खी बहीण आहे. दहा बाय बारा फायनल. रणजीतला बोलावून दोन खड्डे पुढे सरकवले. जुने दोन बुजवायचे राहिले, त्यामुळे आता एकूण सहा. रणजीत जाताना म्हणाला, साहेब, मी दोन हॉटेलांचे मांडव उभे करून आलो तेवढ्यात. हॉटेलांचं काय, त्यांना दर्जाशी देणंघेणं नसतं.

४ जानेवारी, रविवार

नवीन वर्षाचे संकल्प. एक: लवकर उठणे. दोन: पर्गोला संक्रांतीच्या आत. तीन: सुनयनावर आवाज न चढवणे.

तिसरा आजच मोडला, पण दोष माझा नाही. चावी मागत होती. म्हणाली, तुम्ही ऑफिसला जाता, मागे मला दिवसभर आप्पांचं ऐकावं लागतं. दार उघड, सुने, दार उघड. शेजारच्या हौसेरावांना हाताशी धरून मी खड्डे बुजवते, पण आप्पांना बाहेर काढू द्या. मी म्हणालो, माझ्या प्रोजेक्टला हात लावायचा नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा आप्पाच आतून बोलले, ऱ्हाऊ दे पोरी, त्येला हौस हाय तर करू दे.

बघा. आप्पांना कळतं. घरात माझी बाजू घेणारा तो एकच माणूस.

१८ जानेवारी, रविवार

संक्रांत गेली. उठणंही जमलं नाही, थंडी आहे.

आप्पा आता फारसे उठत नाहीत. पाय सुजलेत, दोन पावलं टाकली की धाप लागते. एका अर्थी बरं झालं, मागच्या दाराचा तगादा थांबला, शांत डोक्याने निवड करता येईल. त्यांची बाज खिडकीशी लावून दिली, म्हणजे काम दिसत राहील. (काम अजून दिसण्यासारखं नाही.)

एका वेबसाइटवर आपल्या अंगणाचं थ्रीडी चित्र करून मिळतं. ते ऑफिसात कलर प्रिंट काढून आप्पांच्या समोरच्या भिंतीवर चिकटवलं. अप्रतिम आलंय. चारकोल खांब, वेल, कुशन. खुर्चीत एक गोरा माणूस ग्लास घेऊन बसलाय, तो वेबसाइटवाल्यांनी फुकट दिला. आप्पांनी विचारलं, ह्यो कोन बसलाय? मी म्हणालो, तिथे तुम्ही बसणार. ते चित्राकडे बघत राहिले. मग भिंतीकडे पाठ करून निजले.

३१ जानेवारी, शनिवार

फायनल. फायनल. फायनल.

ॲल्युमिनियम, पावडर कोटिंग, चारकोल, दहा बाय बारा, वरच्या पट्ट्या फिरत्या. पट्ट्या मिटल्या की सावली, उघडल्या की उजेड, सोसायटीला बोलायला जागा नाही. मार्ग काढतो म्हणालो होतो, काढला. रणजीतला सोमवारी ॲडव्हान्स.

आप्पांना कानाशी जाऊन सांगितलं. डोळे मिटलेले होते. हात जरा हलवला, म्हणाले, भाईर. मी म्हणालो, हो, सोमवारी नक्की. मला इतकं समाधान फार दिवसांनी वाटलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात ऑडिट. रणजीतला उद्या फोन.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आप्पा गेले. सकाळी, चहाच्या वेळी. सुनयना जवळ होती. मी दाढी करत होतो.

चारुलता साताऱ्याहून पोचेपर्यंत दुपार झाली. मग सगळे म्हणाले, आता बाहेर घ्या, अंघोळ घालायची आहे. मागे खड्डे, म्हणून पुढे घ्यायचं ठरलं. गाडी काढा म्हणाले. काढली. रस्त्यावर लावली. किती पटकन निघाली गाडी.

आप्पांना पुढच्या अंगणात ठेवलं. पश्चिमेचं ऊन सरळ तोंडावर येत होतं. मी छत्री आणून धरून उभा राहिलो. चारुलता म्हणाली, दादा, मिट ती छत्री. मी मिटली नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दहावा. तळ्याच्या घाटावर. पिंड ठेवला आणि सगळे लांब जाऊन उभे राहिलो. कावळे होते, भरपूर. शेजारच्या कुणाच्यातरी पिंडावर तुटून पडले होते. आमच्याकडे एकही फिरकेना.

गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे होऊन हात जोडले आणि स्पष्ट शब्दांत सांगितलं, आप्पा, पर्गोला करतो. दहा बाय बारा. ॲल्युमिनियम. एक कावळा कठड्यावर आला होता, तो उडून गेला. मी म्हणालो, सागवान हवं असेल तर सागवान करतो. वाळवीचं बघून घेऊ. मागे कुणीतरी हसलं. हौसेराव असणार. चारुलता म्हणाली, दादा, वरातीमागून घोडं कशाला नाचवतोस. सुनयनाला म्हटलं तू तरी काही बोल. ती म्हणाली, मी काय बोलू, ते मागत होते तेव्हा चावी माझ्याकडे नव्हती.

बराच वेळ थांबलो. गुरुजींना पुढचं काम होतं. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला.

घरी येताना सगळ्यांना समजावलं की हल्ली शहरात कावळ्यांना खायला मुबलक मिळतं, त्याचा इच्छेशी काही संबंध नसतो. 

२३ फेब्रुवारी, सोमवार

रजेचा शेवटचा दिवस. सोमवारी सकाळी मी घरात निवांत, असं कित्येक वर्षांत झालं नसेल.

उठलो तर मागचं दार सताड उघडं. सुनयनाने माझ्या जुडग्यातून चावी काढून घेतली होती. सहाही खड्डे बुजवून झाले होते, वर पाणी मारलेलं होतं. मध्यभागी आप्पांची बाज टाकलेली. मी विचारलं, हे काय. म्हणाली, वाळत टाकलीये. आणि आत गेली.

मी ठरवलं, आता इथेच बसायचं. ऊन तोंडावर आलं की तिला हाक मारायची आणि दाखवायचं. एवढ्यासाठी मी तीन महिने डोकं फोडत होतो, हे एकदा तिने डोळ्यांनी बघावं. चहा तिथेच घेतला. पेपर वाचला. वर टॉवरमध्ये एक बाई गादी झटकत होती. वारा छान होता. आणखी थोडा वेळ बसलो. दूधवाला येऊन गेला, कचऱ्याची गाडी येऊन गेली, समोरची मुलं शाळेत गेली. ऊन येईना. शेवटी उठून बघितलं, तर सूर्य टॉवरच्या मागे होता. अख्ख्या अंगणावर त्या टॉवरची सावली पडली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी सावली होती.

आप्पा म्हणाले होते. पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मी परत बाजेवर बसलो. फार वाईट वाटलं. सुनयनाला हाक मारावीशी वाटत होती, पण काय म्हणून मारायची ते कळेना.

रणजीतचा फोन आला. साहेब, चारकोल फायनल धरू ना? मी म्हणालो, कळवतो.