एकदाच मिळणारी सवलत

आई,

तुझी सही घेतली तेव्हा तू मागच्या पडवीत अळूच्या जुड्या बांधत बसली होतीस. मी कागद अर्धा दुमडून तुझ्यापुढे धरला, खाली सहीपुरतीच जागा उघडी ठेवली होती. "काय लिवलंय?" तू विचारलंस. "शिष्यवृत्तीचा कागद आहे," मी म्हटलं. ते तसं खोटंही नव्हतं. तू हात पदराला पुसलेस, पेन मुठीत धरलंस आणि प्रौढ साक्षरता वर्गात शिकलेली तीन अक्षरं एकेक करून काढलीस. मग मान मागे घेऊन लांबून बघितलंस आणि म्हणालीस, "नीट आलीय ना? नायतर परत करते." मी नीट आलीय म्हटलं आणि कागद पिशवीत घातला. त्या कागदावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं की माझी आई हृदयविकाराने अंथरुणाला खिळून आहे, घरात दुसरं कुणी नाही, तिची शुश्रूषा करण्यात माझं वर्ष गेलं. तू मात्र त्या दिवशी पहाटेपासून चाळीस जुड्या बांधल्या होत्यास आणि बाजाराची पाटी स्वतः डोक्यावर उचलून निघणार होतीस.

बाबा गेल्यावर भाजीच्या वाडीचा बावखलाच्या तळ्याकडचा लहानसा तुकडा आपल्याकडे राहिला होता, आणि तेवढ्यावर कॉलेज होण्यासारखं नव्हतं. दहावीला मला चांगले मार्क पडले म्हणून वसईतल्या एका ट्रस्टने कॉलेजची फी द्यायचं कबूल केलं. त्यांच्या अटी फॉर्मच्या मागे छापलेल्या असत. दर वर्षी सगळ्या विषयांत पास व्हायचं, पंचाहत्तर टक्के हजेरी भरायची. यातलं एकही चुकलं की मदत बंद. घरात गंभीर आजार किंवा मृत्यू झाला असेल तर विद्यार्थ्याने अर्ज करावा, समिती विचार करील. बारावीपर्यंत मी कसंबसं निभावलं. डिग्रीच्या पहिल्या वर्षी गणित आणि फिजिक्स दोन्ही गेले, हजेरी निम्म्यालाही पोचली नाही. यात तुझ्या आजाराचा काहीच संबंध नव्हता. वर्गात मला काही कळत नव्हतं. सर इंग्रजीत भराभर बोलत, फळा पुसत, मध्येच कुणाला तरी उभं करत, आणि ते 'कुणी' आपण असू अशी मला भीती वाटायची. म्हणून मी फाटकापासूनच परत फिरायचे, कळंबची बस धरायचे आणि समुद्रकाठी सुरूच्या झाडांखाली बसून राहायचे. तिथल्या बायका मासळी वाळत घालत असत. त्यातल्या एकीने एकदा विचारलं, "पोरी, कोन वारलंय का गो तुझं?" मी नाही म्हटलं. संध्याकाळी घरी आले की तू विचारायचीस, "काय शिकवलं आज?" आणि मी पुस्तक उघडून जे पान येईल ते वाचून दाखवायचे. तू भाकरी थापता थापता ऐकायचीस. एक शब्द कळत नसताना अधूनमधून "हां" म्हणायचीस.

अर्जाला डॉक्टरचा दाखला नव्हता. तो मी कुठून आणणार? दाखला नाही म्हणून ट्रस्टच्या समितीतल्या बाई स्वतः पाहायला आल्या. रविवार होता. मला त्या बावखलाच्या वळणावर दिसल्या, हातात मोसंबीची पिशवी, कुणाला तरी आपलं घर विचारत होत्या. मी मागच्या बाजूने वाडीत धावले. तू गुडघ्यापर्यंत चिखलात, वाफ्याला पाणी वळवत होतीस.

"आई, आत चल, अंथरुणावर पड."

"का? पानी चाललंय."

"तू आजारी आहेस असं लिहिलंय मी. त्या बाई आल्यात."

तू माझ्याकडे बघितलंस. ते बघणं मला आजही सांगता येत नाही, कारण त्यात राग नव्हता. कुठल्यातरी अनोळखी माणसाकडे आपण बघतो तसं बघितलंस. मग फावडं खाली ठेवलंस, बावखलात पाय नुसते बुचकळलेस आणि मागच्या दाराने आत जाऊन गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतलीस. हात धुवायला वेळ मिळाला नव्हता, ते तू गोधडीच्या आतच ठेवलेस.

बाई तुझ्या उशाशी बसतात. मी पाणी आणते. त्या विचारतात, "आता कसं वाटतंय?" आणि तू, जिने उभ्या आयुष्यात भाजीच्या जुडीत एक पान कमी घातलं नाही, ती हळू आवाजात म्हणतेस, "बरं नाय बाई. धाप लागते." बाई तुझ्या कपाळावर हात ठेवतात. उन्हातून आल्यामुळे ते तापलेलं असतं. त्यांचे डोळे भरून येतात. निघताना त्या मला म्हणतात, "तुझा अर्ज मी मंजूर करून घेते. पण लक्षात ठेव, ही सवलत एकदाच मिळते. पुढे परत अडलीस तर माझ्याही हातात काही नाही." मी मान हलवते. तेवढ्यात गोधडीतून तू विचारतेस, "म्हंजे मी परत आजारी पडले तर?" बाई हसतात. "परत कशाला पडताय? लवकर बऱ्या व्हा."

त्या गेल्यावर तू उठलीस आणि पुन्हा वाफ्याकडे गेलीस. पाणी वाहून वाफा फुटला होता. तू तो बांधलास, मी नुसती उभी राहिले. मला वाटलं मारशील. मारलं असतंस तर बरं झालं असतं. जेवताना तू एवढंच म्हणालीस, "माझी सही होती ना त्याच्यावर?" मी हो म्हटलं. "मग आता नापास होऊन येऊ नको. आजारी पाडलंस, आता पास तरी हो." त्यानंतर तू तो विषय कधी काढला नाहीस. ती मोसंबी शेजारच्या मुलांना वाटून टाकलीस, एकही आपल्या घरात ठेवली नाहीस.

मी पास झाले. नाळे गावातल्या एका ताईंकडे शिकवणीला जायला लागले, वर्गात पुढच्या बाकावर बसले, सरांनी उभं केलं तर चुकीचं का होईना पण उत्तर दिलं. दुसरं वर्ष सुटलं. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तू वाळत चाललीस. मी विचारलं की म्हणायचीस, "वय झालं." बाजाराला जाणं एक दिवसाआड झालं, मग शेजारीण पाटी न्यायला लागली. रोज सकाळी मात्र तू मला दारापर्यंत सोडायला यायचीस आणि म्हणायचीस, "जा, उशीर होईल. हजेरी जाईल." तू वेगळी वाळत घातलेली, डाग न गेलेली फडकी मी पाहिली होती. मी एकवीस वर्षांची होते, मला कळायला हवं होतं. मी ती पाहून नजर वळवली आणि बस पकडली.

शेवटचा पेपर देऊन घरी आले तेव्हा तू पडवीत भिंतीला टेकून बसली होतीस आणि तुझ्याखालची जमीन लाल झाली होती. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तुला तपासलं आणि मला बाहेर बोलावून विचारलं, "इतके महिने कुठे होतात तुम्ही?" गर्भाशयाचा कॅन्सर होता, पसरलेला. तुझ्या बटव्यात पैसे शोधायला हात घातला तर तुळिंजच्या एका दवाखान्याची चिठ्ठी सापडली. आपल्या गावात कुणाला कळू नये म्हणून तू तेवढ्या लांब एकटी गेली होतीस. चिठ्ठीवर तारीख डिसेंबरमधली होती. ताबडतोब मोठ्या इस्पितळात तपासणी करावी, सोबत नातेवाईक आणावा, असं लिहिलं होतं. तुला वाचता येत नव्हतं, पण त्या डॉक्टरने तोंडी सांगितलं असणारच.

"मला का नाही सांगितलंस?" मी खाटेशी उभी राहून ओरडले. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

"तुझी हजेरी गेली असती," तू म्हणालीस.

"गेली असती तर गेली असती! अर्ज केला असता."

"कसला अर्ज? एकदा आजारी पडून झालं ना माझं. त्या बाई काय म्हनाल्या होत्या? दुसऱ्यांदा कोन मानेल?"

तू माझा हात धरलास आणि वर म्हणालीस, "पेपर कसा गेला ते सांग."

निकाल लागला त्या दिवशी तू शुद्धीत नव्हतीस. मी तुझ्या कानाशी सांगितलं, तुला ऐकू गेलं की नाही ते माहीत नाही. पुढच्या आठवड्यात तू गेलीस. त्या समितीतल्या बाई अंत्ययात्रेला आल्या होत्या. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "किती वर्षं सोसलं गं तुझ्या आईने." मी त्यांना खरं सांगितलं नाही. त्याही आता नाहीत.

मी त्याच फिजिक्सची प्राध्यापक झाले, आई. मराठीतून शिकून आलेल्या पोरांना मी सावकाश शिकवते, कुणाला अचानक उभं करत नाही. आमच्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती समितीवर मी बरीच वर्षं आहे. अटी साधारण त्याच आहेत. अर्ज येतात, त्यांत आया आजारी असतात, आज्या वारलेल्या असतात. मी दाखले तपासत नाही, कुणाच्या घरी तर कधीच जात नाही. सगळे मंजूर करते. सहकारी म्हणतात, मॅडम फार हळव्या आहेत.

या महिन्यात एक मुलगी आली. तीन विषय गेलेले, हजेरी नाही, आणि अर्जात एकच ओळ: मला अभ्यास झेपला नाही. मी तिला समोर बसवून विचारलं, "घरात कुणी आजारी होतं का गं?" ती म्हणाली, "नाही मॅडम, सगळे बरे आहेत." मी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "नीट आठव. आजी? आई? थोडंसं काही?" तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. ती मोठ्याने म्हणाली, "नाही मॅडम. वर्गात काय चाललंय तेच कळत नव्हतं." समितीतले दोघं ऐकत होते. मी अर्जावर 'अपात्र' लिहिलं आणि खाली सही केली. ती आता वसई पूर्वेच्या एका गाळ्यात पॅकिंगला जाते असं शिपाई सांगत होता.

हे कुणाला दाखवणार नाही, लिहून झालं की फाडीन. पण तुला एक सांगून टाकते. ती उठून गेली तेव्हा दारातून तिची आई दिसली, बाहेरच्या बाकावर लेकीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, चांगली धडधाकट. मला त्या मुलीची कीव यायला हवी होती. मला तिचा राग आला, आई. अजून गेलेला नाही.