हो मीच म्हणाले होते

बाई,
तुम्ही बोईसरहून एसटीने मासवणच्या आमच्या शाळेत यायचात. मी तेव्हा नववीत, पंधरा वर्षांची. आईबाबा वैतरणेकडे वीटभट्टीवर गेलेले, घरी मी आणि आजी. आदल्या पावसाळ्यात थोरली बहीण बाळंतपणानंतर धनुर्वाताने गेली होती. तिचा आवळलेला जबडा मी पाहिला होता. म्हणून शाळेत धनुर्वाताची लस द्यायला नर्सबाई आल्या तेव्हा मला ती हवी होती, पण त्यांना बाबाची सही हवी होती. आजी म्हणाली, "सुई टोचली का पोरी वांझ व्हतात. बापूस येऊं दे." तो होळीशिवाय येणार नव्हता.

तुम्ही मला खुर्चीजवळ बसवलंत. हात किती दुखेल, ताप येईल का, वांझ होण्याची अफवा खोटी कशी, सगळं नीट सांगितलंत. मग विचारलंत, "तुला काय वाटतं? नको म्हणालीस तरी मी रागावणार नाही." बहिणीला तर लग्नाचंही कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "मला हवी." तुम्ही कागदावर लिहिलंत, मुलीने समजून होकार दिला आहे, जबाबदारी माझी. आणि खाली सही केलीत. त्या कागदावर नर्सबाईंनी मला सुई दिली.

होळीला आलेला बाबा तडक वर्गाच्या दारात उभा राहतो. "माझे पोरीला सुई द्यायला तुमी कोण?" तुम्ही खडू खाली ठेवता. "तिनं हो म्हटलं. तिलाच विचारा." बाबा माझ्याकडे बघतो आणि मी म्हणते, "बाईंनी जबरदस्ती केली."

तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत. मग त्याला म्हणालात, "चूक माझी. तिला मारू नका." बाबा मटकन खाली बसला. "एक गेली माझी. हिला काय झालं असतं तर?" तुम्ही त्याला पाणी दिलंत. पुढे तक्रार झाली, तुम्हाला लेखी खुलासा द्यावा लागला. पण दुसऱ्याच दिवशी गणिताचं पहिलं उत्तर तुम्ही नेहमीसारखं मलाच विचारलंत.

आता मीच नर्स आहे. आईबापाच्या सहीशिवाय सुई देत नाही. नियम आहे, आणि बापाची भीती मी पाहिली आहे. पण सही असली तरी पोराला सगळं सांगून विचारल्याशिवायही देत नाही. ते तुमचं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुम्ही हयात होतात तेव्हा बोईसरला दोनदा तुमच्या दारापर्यंत आले होते, बाई. आतून तुमचा आवाज ऐकला आणि परत फिरले.