बॅग भरली का कॉम्प्युटर बसते

तळेगाव (श्यामजी पंत),
१२ जून २००४

माधवीताईले रक्षाचा नमस्कार. भाऊजींना नमस्कार सांगजो, पोरायचे गालगुच्चे घेजो. इकडे सारे बरे आहेत. पेरणी तोंडावर आली, आमच्या बियाण्याच्या दुकानात उभं राहाले जागा नाई. सासूबाईंच्या गुडघ्याले आराम आहे.

तू रागावली असशीन. सेवाग्रामच्या दवाखान्यात भाऊजींनी शब्द टाकून माझी नोकरी पक्की केली, अन् मी अजून हजरच झाली नाई. फोन दुकानात आहे, समोर सारे बसले असतात, म्हणून पत्र लिहून राह्यली.

मी बॅग भरली का दुकानातला कॉम्प्युटर सुरूच होत नाई. दरवेळी. काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ येते अन् थांबते. वर्ध्याहून मेकॅनिक आणला, तो म्हणे सारं पुसून नवीन टाकू. गिऱ्हाइकायचा हिशेब त्यातच, मामंजींचं तोंड उतरलं. मंग मीच बसली.

बिमारी साधी आहे ताई. आमच्या डिस्कचे दोन भाग आहेत, सी अन् डी. विंडोज सीमध्ये, हिशेब डीमध्ये. सुरू होताना मशीन पाहते, 'ॲक्टिव्ह'ची खूण कोणत्या भागावर आहे, अन् तिथूनच विंडोज उचलाले जाते. खूण डीवर गेली का तिथं विंडोज कुठून सापडन? सामान सारं जाग्यावर, मशीन मात्र दुसऱ्याच्या दारी उभी. फ्लॉपी टाकून खूण परत सीवर आणली का झालं. चहा उकळेपर्यंतचं काम.

मामंजींनी मात्र भलताच अर्थ काढला. कॉम्प्युटरले हळदकुंकू लावून म्हणाले, "सुनेचा पाय बाहेर पडाले लागला का मशीन रुसते. लक्ष्मी आहे ते." आमचे हे मान डोलावतात. यांना बापापुढं कधी बोलता आलं? माझं एवढं कौतुक झालं का मले श्वास घ्याले जागा उरली नाई.

खूण आपोआप हलत नाई ताई. कोणीतरी हलवावं लागते. अन् ते कसं करायचं हे या घरात मी एकीलेच शिकवलं, नणंदेले, रुचिकाले.

काल दुपारी रुचिकाले गाठलं. आधी नाई नाई म्हणे, मंग माझ्या पदरात तोंड घालून रडली. "वहिनी, तू गेली का दुकानात तुझ्या खुर्चीवर मले बसवतीन. कॉलेज बंद. शेवटचं वर्ष राह्यलं माझं, मंग जाजो." असा संताप आला, एक ठेवून द्यावी वाटलं. माझी नोकरी वर्षभर कोण राखते? पण पोरगी खोटं बोलत नव्हती.

तेवढ्यात भाऊजींचा निरोप आला, सोमवारी हजर हो, नाईतर जागा दुसऱ्याले जाईन. मी धीर करून मामंजींपुढं उभी राह्यली. ते जरा नरमले. म्हणाले, "जा माय. पण हे मशीन सुरू करणारं घरात दुसरं कोणी आहे का? असन तर आजच जा."

रुचिका चहा घेऊन दारात उभी होती.

मी म्हटलं, कोणी नाई.

भाऊजींना म्हणावं, ती जागा देऊन टाका. माफी मागाले तोंड नाई मले. यायचं लय मन होतं ताई. रागात इकडं फोन करून कोणाले काही सांगू नको, पोरीचं वर्ष निघू दे.

आता इथंच राहणारी,
तुझी रक्षा