मी नळ मोठा केला

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आता तुमचंच काम मी करते, फक्त तुम्ही समुद्रात होतात आणि मी अंधेरीच्या ऑफिसात एसीत बसून तुमच्यासारख्या माणसांना फोनवर सांगते, की तेलाची विहीर किती उघडायची. तुम्हाला हे मुळीच आवडलं नसतं.

कांदिवलीच्या स्वयंपाकघरातला एक रविवार आठवतो. चौदा दिवसांनी तुम्ही समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरून घरी आलाय, कालवणासाठी तिसऱ्यांचे शिंपले धुताय, आणि बेसिनमध्ये वाळूच वाळू. तेवढ्यावरून तुम्हाला शिकवायची हुक्की येते. आईची पिठाची चाळण नळाखाली धरून तुम्ही अर्ध्या जाळीवर ती ओली वाळू थापता. म्हणता, विहिरीच्या तळाशी वाळू अडवायला अशीच जाळी असते. ती बुजत गेली की सगळं तेल उरलेल्या भोकांतून सुसाट धावतं, वाळू तिथेच घासते आणि जाळी तिथेच फाटते. "मग तेल कमी यायला लागलं तर काय करशील?" "नळ मोठा करीन." "गाढव आहेस! बारीक करायचा!" आई म्हणाली, "आधी माझी चाळण ठेवा खाली. चपात्या काय वाळूच्या करू?"

बाबा, गेल्या मे महिन्यात मी नळ मोठा केला. एका जुन्या विहिरीचं तेल घटत होतं, वरून रोज विचारणा व्हायची, आणि पाइपमधल्या वाळूचा आवाज टिपणारा सेन्सर शून्य दाखवत होता. तो बिघडलाय हे नंतर कळलं. प्लॅटफॉर्मवरून काकांचा फोन आला. तुमच्याच जोडीने नोकरीला लागलेले, निवृत्तीला चार महिने उरलेले काका. "मॅडम, नमुन्याच्या बाटलीत वाळू दिसतेय गो. बोटांना लागतेय. जरा कमी करूया काय?" मी म्हणाले, "काका, मीटर शून्य आहे ना? मग राहू द्या चालू." तिसऱ्या दिवशी वाळूने पाइपच्या वळणाला भोक पाडलं. आतला फवारा थेट काकांच्या तोंडावर आला. उजवा डोळा गेला.

चौकशीत ठरलं, वाळू दिसूनही त्यांनी कळवलं नाही. त्यांचा फोन माझ्या मोबाइलवर आला होता, नोंद कुठेच नव्हती. त्यांना काढून टाकलं तेव्हा मी त्याच खोलीत बसले होते. नंतर घाटकोपरला त्यांच्या घरी गेले, तर तेच मला समजावत होते. "रडतेस कशाला? त्याची पोर तू. मी काय तुझं नाव घेणार होतो?" त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. काकूंनी चहा ठेवला, मी तो प्यायले आणि घरी आले.

मी तोंड उघडलं तर त्यांच्यावरचा डाग आजही पुसला जाईल. रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं, आणि संध्याकाळी तशीच परत येते. मला स्वतःची किळस येते, बाबा, पण नोकरी सोडवत नाही. हे लिहून झालं की फाडून टाकणार आहे. माफी मागायची तर ती त्यांच्याकडे, ते जिवंत आहेत. तुमच्याकडे मागतेय, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही.