कॅलेंडरच्या कव्हरातलं पुस्तक

शनिवार, दिवेलागण

सुमन पुन्हा वाचू लागली आहे. ठाकूरद्वारच्या वाचनालयातल्या नलिनीताईंनी आज फोनवर खात्री दिली, "काल स्वतः आल्या होत्या. सध्या वाचतायत त्याच लेखिकेचं आणखी काही आहे का विचारत होत्या." तिची ताई गेल्यापासून घरात तिनं पुस्तक उघडलं नव्हतं.

वाचनालयाच्या उपक्रमात आमची दोघांची नावं मीच दिली. आधी शीर्षकात नाम असलेलं पुस्तक वाचायचं, मग विशेषणाचं, मग क्रियापदाचं. मी क्रियापदापर्यंत पोचलो होतो, तिचं अजून नामच व्हायचं होतं. तिच्यासाठी मुद्दाम पातळसं पुस्तक निवडलं. तिनं सवयीनं दोन्हींना जुन्या कॅलेंडरची कव्हरं घातली, नावं झाकली गेली आणि पुस्तकांची अदलाबदल झाली. माझं जाडजूड तिच्याकडे गेलं. आज बोललोच.

"ते माझं आहे. क्रम चुकला तर बाद होशील."

"होऊ दे की! मी काय परीक्षेला बसलेय? शेवटचं प्रकरण राहिलंय, हात लावू नका."

एरवी ती कॅलेंडरची राशिभविष्याची बाजू वर ठेवते. या वेळी तारखांचे चौकोन वर आहेत. एका चौकोनात तिच्याच अक्षरात, 'ताई जेवायला'. हे चुकून झालं असेल?

आता खिडकीशी बसली आहे. चौपाटीकडून वारा येतोय, पडदा तिच्या खांद्यावर येऊन परत जातोय. पान उलटताना अंगठा त्याच चौकोनावर टेकतो.

सोमवारी पुस्तक परत जाईल. कव्हर मात्र पुढच्या पुस्तकाला चढेल, असं वाटतं.